चाकाला चावणारं कुत्रं

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून मुलांना लिमलेटच्या गोळ्या देणाऱ्या मशिनच्या कंपनीत उमेदवारी. पंधरा दिवसांनी कायम करतील, नाहीतर घरी पाठवतील. घरातली पहिली पदवीधर मीच. बाबांनी कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'मुलगी साहेब झाली' असं सांगून ठेवलंय. मी अजिबात घाबरलेली नाही. चहात साखरेऐवजी मीठ घातलं, ते झोपेमुळे असावं.

संध्याकाळी
नाण्याची यंत्रणा समजली. खाचेत नाणं ठेवायचं, मूठ फिरवायची, गोळी पडते. नाणं नसलं की एक खिटी खाचेत घुसून चाक अडवते. मिस्त्री तिला 'कुत्रं' म्हणतात. "ताई, नाणं नसेल तर कुत्रं चावलं पाहिजे. नाहीतर मशिन धर्मशाळा होते!" शब्द अशास्त्रीय. शिवाय मला कुत्र्यांची धास्ती आहे. वहीत 'रोधक खिटी' लिहिलं.

५ मार्च, बुधवार
एक यंत्रणा सरावाला घरी आणली. उघडताच स्प्रिंग उडाली. आई किंचाळली. बहुधा मी तिच्या आधी. स्प्रिंग पिठाच्या डब्यात सापडली.

६ मार्च
पुस्तिकेतल्या आकृतीबरहुकूम जोडली. कापड बेतताना बाबांनी मूठ फिरवून पाहिली. म्हणाले, "उलटं बसलंय गं ते. माझ्या मशिनचं चाक उलटं गेलं की असंच गुळगुळीत लागतं, आणि मग दोरा तुटतो." बाबा चौथी शिकलेत. आकृती छापील आहे, हे त्यांना प्रेमाने समजावलं. "छापील आहे होय? मग काय बोलणार," म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

८ मार्च, शनिवार
मिस्त्री रजेवर. सहा यंत्रणा एकटीने जोडून बागेतल्या मशिन्सना बसवल्या. नाणं टाकून तपासल्या. गोळी पडली. नाणं न टाकताही तपासावं, असं क्षणभर वाटलं. पण माणसांवर विश्वास नको?

१० मार्च, सोमवार. दुपारी ४.०५
बागेत पाहणी. माझ्या मशिन्सपुढे ही गर्दी! ऊर भरून आला. जवळ गेले. एकाही मुलाच्या हातात नाणं नव्हतं. एका चिमुरडीने मला शिकवलं, "ताई, पैसे नाही लागत. नुसतं फिरवायचं."

४.२०
बाकावर बसलेय. पुस्तिका काढली. आकृतीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत: 'मागील बाजूने दिसणारे दृश्य'.

११ मार्च. सकाळी ७
राजीनामा चार वेळा लिहिला. चारही वेळा 'राजीनामा' शब्दाचंच शुद्धलेखन चुकलं. आई म्हणाली, "खरं सांगून मोकळी हो. गिळणार आहेत का तुला?" तेच तर माहीत नाही.

दुपारी
सांगितलं. साहेब ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्यांनी एवढंच विचारलं, "उलटं बसलंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?" खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हणाले, "बाबांच्या आलं होतं."

१७ मार्च, सोमवार
निकाल लागला. कायम केलं.
बाबांना.
सकाळी यंत्रणा, दुपारनंतर शिवणकाम. मला त्यांची मदतनीस म्हणून आणखी पंधरा दिवस. आज बागेत त्यांनी सहाव्या मशिनची खिटी पालटून बसवली, नाण्याशिवाय मूठ फिरवली. कट्ट! चाक जागच्या जागी अडलं. "चावलं बघ," म्हणाले. मी दचकले.
बाबा गिऱ्हाइकांना अजून 'मुलगी साहेब आहे' असंच सांगतात. मार्गदर्शन लागणारच त्यांना. म्हणून त्यांची पिशवी मी धरते आणि पुस्तिका उघडून तयार ठेवते.
आज लागली नाही.