अर्धी सर्व्हिस झरीत, अर्धी परभणीत

७ जून, रविवार
आपल्या महेश्वरीला पालमच्या शाळेत नोकरी लागली! पंधरा तारखेला, सोमवारी, दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं. मी स्वतः कारने शाळेच्या दारात सोडणार. जन्मभर झरीत कापड फाडून विकलं, एक दिवस तरी मॅडमचा बाप म्हणून रुबाबात उतरायचंय. शिवम्मा म्हणाली, एसटी हाय की. बायकोला रुबाब कळत नाही.
गाडीची सर्व्हिस तेवढी राहिलीय. फार नाही, दोन वर्षांची. उद्याच करतो.

९ जून, मंगळवार
परभणीच्या शोरूमला गेलो. एसी, चहा, बिस्किट. एस्टिमेट सात हजार. ऑइल काढायची मजुरी वेगळी! चहा परत करता आला असता तर केला असता.

१० जून
गावातला दत्ता मेकॅनिक तीन हजार म्हणतो. ऑइल कसलं, विचारलं. म्हणाला, काका, तुमच्या कापडासारखंच, एकदम ओरिजनल. टोमणा होता का? दोघांच्या दरांचा तक्ता करायला घेतलाय. घाई करणारे फसतात.

१३ जून, शनिवार. रात्री
सापडलं! जुनं ऑइल काढायला काय अक्कल लागते? ते दत्ताकडे, स्वस्तात. नवं घालायचं शोरूममध्ये, कंपनीचं. शोरूम पालमच्या वाटेवरच आहे, म्हणजे सोमवारी जाता जाता काम होईल. शिवम्माला समजावून सांगितलं. तिनं दोन्ही हात जोडले. कौतुक असावं.

१५ जून, सोमवार. सकाळी ७
दत्तानं ऑइल काढलं. आता म्हणतो, गाडी चालू करू नका, दोर बांधून टोचन करून नेतो, आठशे द्या. बघा, कसे पैसे काढतात! चालू केली. तो मागून ओरडत होता. महेश्वरी मागच्या सीटवर, नवी साडी, मांडीवर फाइल.

७.४०, रस्त्याच्या कडेला
लाल दिवा लागला. महेश्वरी म्हणाली, पप्पा, थांबा. म्हटलं, ऑइल नाही म्हणून दिवा लागला, म्हणजे गाडीचा सेन्सर उत्तम आहे. मग खडखड सुरू झाली. गाणी मोठ्यानं लावली. मग गाडीच थांबली.
किल्ली फिरवतोय, काही होत नाही. जळका वास. अजून परभणीसुद्धा आली नाही, पालम कुठलं! पोरगी रागवत नाही, नुसती घड्याळ बघते. त्यापेक्षा रागवली असती तर बरं.

८.२०
एसटी आली. तिनंच हात करून थांबवली. चढताना म्हणाली, पप्पा, तुमी पण चला. म्हटलं, गाडी सोडून कसा येऊ? तू हो पुढे, दुरुस्त झाली की गाठतोच.

११.४५, तिथेच
महेश्वरीचा फोन. वेळेत हजर झाली. मुख्याध्यापकांनी विचारलं म्हणे, सोडायला कोण आलं? तिनं सांगितलं, पप्पा आलेत.
डोळे पुसले. दत्ताला फोन लावला. म्हणाला, काका, इंजिन बसलं असणार. टोचनचे आता बाराशे हायत.
हो म्हटलं.