नऊ जणींचं एक तिकीट

मी, लिहून देणार पार्वतीबाई भ्र. पिराजी मेत्रे, वय एकोणसत्तर, अंगणवाडीतून निवृत्त, मूळ गाव जनवाडा, हल्ली राहणार मैलूर, बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही. त्याची झडप बदलायला येत्या सोमवारी हैदराबादला जायचं आहे. मला कोणी धमकावलेलं नाही आणि गोड बोलूनही लिहून घेतलेलं नाही. रविकुमार वकिलांनी मसुदा तपासला आणि "अक्का, हे सिनेमाचं सगळं काढा," म्हणत तांबड्या शाईनं खोडलं. ते मी पुन्हा घातलं आहे. हा चौथा कागद. मधे दोनदा उठून चहा केला आणि प्यायचा राहिला.

कलम एक. मैलूरचं दोन खोल्यांचं घर मुलगा अमरदीप याला द्यावं. अट एकच, गच्चीवरची टीव्हीची छत्री काढू नये. खरं तर त्याला घर देताना हात आखडतो, कारण बारावीत असताना त्यानं एका पिक्चरचा खुनी कोण हे मला मध्यंतराच्या आधीच सांगून टाकलं होतं. मी ते विसरलेले नाही. पण मुलगा आहे.

कलम दोन. पोस्टातली ठेव सून ज्योत्स्ना हिला. ती गुणाची आहे. फक्त मोबाईलवर पिक्चर दीडपट वेगानं बघते, त्यात रडणारी माणसंसुद्धा घाईघाईनं रडतात. बाई गं, एवढी कुठं जायची घाई आहे? निदान मी गेल्याच्या आठवड्यात तरी एखादा सावकाश बघ.

कलम तीन. पत्र्याची पेटी नात प्रियंकाला. तिच्यात टॉकीजबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या आहेत, नटनट्यांचे फोटो आहेत. नायकांचे फोटो कमी आहेत, कारण नायक मला कधी फारसे आवडले नाहीत. सगळं त्यांच्याच मनासारखं होतं, मग बघायचं काय? मला आवडायच्या त्या वहिनीचं, शेजारणीचं काम करणाऱ्या बाया. नायिका बोलत असते आणि त्या मागं उभ्या राहून नुसतं ऐकतात. ऐकताना त्यांचा चेहरा बघावा. पेटीतल्या एका बाईनं चाळीसेक पिक्चरांत असं ऐकलं असेल, पण सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावांत तिचं नाव कधी आलं नाही. प्रियंका, तो फोटो जपून ठेव.

कलम चार. सध्या साडेसातला लागते त्या मालिकेबद्दल. नायिकेची आठवण तिसऱ्यांदा गेली आहे आणि नवरा सुधारल्याचं सोंग करतो आहे. तो सुधारणार नाही, हे मी लिहून देते. मालिकेतले नवरे का सुधारतात हे मला चांगलं ठाऊक आहे. सुधारलेला नवरा कसा बनवतात, हे मी स्वतः करून बसले आहे. म्हणून पुढचं कलम.

कलम पाच. माझा मोठा टीव्ही जनवाड्याच्या राजूबाई भ्र. भगवानराव बिरादार हिला द्यावा. कारण खालीलप्रमाणे.

एकेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही जनवाड्यात खुरपणीला जाणाऱ्या नऊ बाया मिळून एकीचं तिकीट काढायचो. ती एक बीदरला जाऊन पिक्चर बघायची आणि पुढचे दोन दिवस खुरपताना बाकीच्या आठजणींना सगळा सांगायची. बहुतेक वेळा मलाच धाडत. मी सातवी शिकलेली होते आणि माहेर आंध्राच्या सीमेवरच्या चिंताकीचं, त्यामुळं तेलुगूही अर्धीमुर्धी कळायची. न कळलेलं मी मनानं जुळवायचे. पण शेवट जसा असेल तसाच सांगायचा, ही बोली होती.

मी सांगते त्या वेळचा पिक्चर तेलुगू होता. नवऱ्याचा मार खाणारी बाई. राजूबाई तेव्हा बावीस वर्षांची, शेतमालकिणीची सून, पण आमच्यातच खुरपायची. भगवानराव तिला मारायचा. उदगीरचा भाऊ तिला ये म्हणत होता. तिनं गाठोडं बांधून कणगीमागं ठेवलं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी अर्धा पिक्चर सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पारूबाई, उद्या लवकर सांग गं. मला बघायचंय ती काय करायलीय ते."

दुसऱ्या दिवशी तिची सासू बांधावर येऊन बसली. शेत तिचं, मजुरी तिच्या हातची. पिक्चरमधली बाई घर सोडून गेली असं मी सांगितलं असतं आणि तिची सूनही गेली असती, तर आमच्या वस्तीतल्या एकाही बाईला त्या शिवारात काम मिळालं नसतं. मी घाबरले. मी सांगितलं की बाई स्टँडवरून माघारी फिरली, नवऱ्यानं पाय धरले, आणि पुन्हा कधी हात उगारला नाही. सासूनं मान डोलावली. संध्याकाळी राजूबाईनं गाठोडं सोडलं.

भगवानराव चार वर्षांपूर्वी वारला. सुधारला नाही. राजूबाईचा डावा हात कमरेच्या वर जात नाही, ही त्याची कमाई. आणि माझी. खरा शेवट असा होता: बस आली, बाई चढली, खिडकीशी बसली, आणि तिनं मागं वळून बघितलं नाही. त्यात बोलणंच नव्हतं, त्यामुळं मला तेलुगू कळली नाही म्हणायलाही सोय नाही. मी खोटं सांगितलं. माझी चूक झाली.

दि. १३ नोव्हेंबर २०२५.

पुरवणी, दि. १४, सही करण्यापूर्वी. रात्र बेचैनीत गेली. मी मेल्यावर हे कोणीतरी राजूबाईला वाचून दाखवणार, आणि तिला काही विचारायचं असलं तर ती विचारणार कोणाला? सकाळी फोन करून बोलावलं. अकराच्या बसनं आली. वकील आणि शेजारचे निंगप्पा मास्तर साक्षीला बसलेले असताना मी कलम पाच मोठ्यानं वाचलं. ती ऐकत होती. मला तिच्याकडं बघवलं नाही.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग ती बस कुठं गेली?"

"दाखवलं न्हाई गं. बत्त्या लागल्या."

"उदगीरलाच गेली असंल," राजूबाई म्हणाली.

मी माफी मागितली. ती वकिलांकडं वळली. म्हणाली, "साक्षीला मी अंगठा करते."

"मृत्युपत्रात ज्याला काही मिळतंय, त्यानं साक्षीला बसू नये, अक्का," वकील म्हणाले. "तुम्हाला टीव्ही मिळायलाय."

"टीव्ही नगं मला. ही खोटं बोलली, हे आज तिनं माझ्यासमोर वाचलं. त्याला साक्ष मीच लागते. आंगठा कुठं करू?"

म्हणून टीव्ही ज्योत्स्नाला. कलम पाचमधलं बाकी एक अक्षरही कोणी खोडू नये.

ठिकाण: मैलूर, बीदर. दि. १४ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार: पार्वतीबाई मेत्रे (सही)

साक्षीदार १: निंगप्पा मास्तर, मैलूर (सही)

साक्षीदार २: राजूबाई बिरादार, जनवाडा. डाव्या अंगठ्याचा ठसा. हात टेबलावर येईना, म्हणून तिनं उजव्या हातानं उचलून कागदावर ठेवला. मी मदतीला पुढं झाले, तर म्हणाली, "राहू दे."