सातवं मत

४ जून १९३५, मंगळवार. वडगाव.
यंदाही फुटबॉल लीगमध्ये आपण तळाला. आठ टीमांत आठवे. सलग तिसरं वर्ष, त्यामुळे आता कुणी विचारतसुद्धा नाही, नुसते हसतात. गोऱ्यांच्या कॅम्पातल्या लीग-कमिटीनं विलायतेचा कायदा आणलाय: तळाच्या टीमनं उरलेल्या सात टीमांकडं मतं मागायची. चार मिळाली तर लीगमध्ये राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. दुसरा कोण, तर कंग्राळीची टीम. आणि कंग्राळीचा कॅप्टन कोण, तर आमच्या आक्काचा नवरा. देवा!

६ जून, गुरु.
हातमागावरून उठून कॅम्पात गेलो. सार्जंट हॅरी भेटला. गोऱ्यांच्या टीमचा कॅप्टन, त्यांचं मत त्याच्या हातात. फौजेत यायच्या आधी हा तिकडं विलायतेत तिसऱ्या डिव्हिजनमध्ये पगारावर खेळायचा. डावा पाय अजून भारी. त्याच्या गावचा क्लबही यंदा तळाशी, त्यांचाही निकाल मतांवरच. मतदान झालंही असेल, पण पेपर बोटीनं येतो, तीन आठवडे लागतात म्हणाला. तिकडं क्लबाचे शेठ लोक टोपी हातात धरून दारोदार फिरतात म्हणे. ऐकून फार बरं वाटलं.

९ जून, रवि.
कॅप्टन मीच, पण मतं मागायची कशी? रामाप्पा (आमचा गोलकीपर, वय बेचाळीस, कबूल करतो छत्तीस) म्हणाला, "मोकळ्या हातानं जायचं न्हाय. अक्षता घेऊन जाऊया. अक्षता घेतली की मानूस बांधला गेला." पटलं. कुंकवात तांदूळ भिजवले आणि काल-आज दोघं हिंडलो. शहापूरच्या कॅप्टननं दारातच शब्द दिला. बाकीचे "बघू" म्हणाले. खानापूरचा घरी नव्हता. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि 'गुरुवारपर्यंत काय ते कळवा' असा निरोप ठेवून आलो.

१३ जून, गुरु.
काय सांगू! सकाळी दारात बैलगाडी. खानापूरचा कॅप्टन, आई, बायको, तीन पोरं, डोक्याला जरीचा रुमाल, हातात आहेराचं धोतर. "लगीन कुनाचं हाय?" म्हातारीनं अक्षता बघितल्या, गुरुवार ऐकला, पुढचं स्वतःच जुळवलं. रामाप्पा मागाच्या खड्ड्यात बसून हसत होता, वर येईना. घरात घाईघाईनं शिरा-पुरी. जेवून उठताना कॅप्टन म्हणाला, "लगीन न्हाय तर न्हाय. मत तुमालाच." धोतर मात्र परत नेलं.

१७ जून, सोम.
शाळामास्तरांच्या टीमचाही होकार. तीन झाली. चौथं...
दुपारी आक्का आली. "तुझं दाजी लई जोरात हाईत बघ. तीन मतं त्येंनीबी गोळा केल्यात."
"तू कुणाकडची?"
"मी दोन्हीकडची. माझं जेवान कुठं चुकतंय?"
म्हणजे सगळं हॅरीवर आलं. त्याला अक्षता द्यायच्या का, यावर टीममध्ये भांडण. नको ठरलं. खाऊन टाकेल.

२० जून, गुरु.
झालं ते लिहितो. हॅरी आठवडाभरात कंग्राळीचा सराव बघून आला, आमचाही. आज मला बराकीबाहेर बसवून चहा दिला आणि सरळ विचारलं, दोघांत चांगलं कोण खेळतं? तूच सांग.
घरून काय काय ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "कंग्राळी."
मग घाईनं म्हणालो, पण आम्ही तीन वर्षं हरलो तरी एकही मॅच चुकवली नाही. तो हसला. त्याच्या क्लबाचा पेपर आला का विचारलं. नाही आला. मताचं पाकीट कमिटीकडं देतो म्हणाला, सोमवारी उघडतील. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की एक टांगेवाला थांबून बघू लागला.

२१ जून, शुक्र.
टीमला सांगून टाकलं. लपवून राहवेना. मग रामाप्पा: "खरं बोललास, बरं केलंस. पर लेका, येवढं खरं बोलायला कुनी सांगितलंतं?"
मला लीगमध्ये राहायचंय. फार राहायचंय. आठवडाभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या माणसाला दीड तास पळायला मिळतं, ते जाऊ नये.

२३ जून, रवि.
सकाळी गल्लीत बघतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, मागावर चढवायचे उभे धागे, पसरलेला. निळा, मध्ये पिवळे पट्टे. रामाप्पा खळीत कुंचा बुडवून उभा. टीमच्या नव्या अकरा सदऱ्यांच्या कापडाचा ताणा.
"अरं रामाप्पा, उद्या पाकीट तरी उघडू दे!"
"ऊन आज पडलंय. उद्या पडंल कशावरनं?"
"आणि हरलो तर? हे पट्टे कोण घालणार?"
"तुझी आक्का नेसंल. दोन्हीकडची हाय न्हवं?"
एकेक करत सगळी टीम आली. कुणाला बोलावलं नव्हतं. दोघं खळ लावतायत, बाकीचे तुटलेले धागे सांधतायत. तेवढ्यात बाजाराच्या वाटेनं दाजी. सायकलवरून उतरला, ताण्याकडं बघत राहिला.
"निकाल लागला व्हय?"
"न्हाय. उद्या अकराला."
दाजीनं सायकल भिंतीला लावली, बाह्या वर केल्या. "ह्या बाजूनं ढिला पडतोय रं. सरक, मी धरतो."
आणि धरला.