बेजार करू नको

अक्का, कॉलेजात तुम्ही मॅडम होतात आणि जे. पी. नगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात अक्का. नव्वदच्या दशकातले दिवस, बेंगळुरात मारतहळ्ळीकडे अजून शेतं होती. पुण्याहून तत्त्वज्ञानात एम.ए. करायला आलेली मी दर रविवारी तुमच्या ओट्याशी बसायचे आणि तुम्ही भात ढवळत कन्फ्यूशियन विचार शिकवायचात. तुमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. तुमच्या मराठीत कन्नड कुठून शिरेल याचा नेम नसायचा.

एका रविवारी माझा निबंध वाचून तुम्ही भडकलात. सज्जन माणूस मनातला राग उपटून टाकतो, असं मी मोठ्या थाटात लिहिलं होतं. "हे आपल्या संन्याशांचं झालं गं! ते चिनी काही उपटत नाहीत. राग योग्य जागी, बेतानं यावा म्हणून मनाला रोज वळण लावतात. सरी, ठीक आहे, परत लिही." माझा चेहरा उतरला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बेजार करू नको हं." पुण्यात याचा अर्थ एकच, डोकं खाऊ नकोस. मी चपला घातल्या आणि निघाले. पुढे कितीतरी रविवार फिरकले नाही. शिक्षण सोडून परत जायचं ठरवलं आणि बॅगही भरायला काढली.

मग एका संध्याकाळी तुम्ही माझ्या होस्टेलच्या खोलीच्या दारात उभ्या. "काय गं, इतकी बेजार झालीस?" मी फणकारते, "मी कुठे? तुम्हीच म्हणालात, बेजार करू नको." तुम्ही हसत हसत खाटेवर बसता. "अय्यो! म्हणजे वाईट वाटून घेऊ नको गं! कन्नडात बेजार म्हणजे तेच." डोळे पुसतानाही तुमचं शिकवणं चालूच. "राग बरोबर होता तुझा, ऐकणं चुकलं. आता खरं कळलं, तर तो जायला पाहिजे. गेला?" मी म्हणते, "स्वल्प."

आता मीही तेच शिकवते. भावना म्हणजे मनातली अडगळ नव्हे, तिलाही समज असते, ती घडवता येते, हे सांगताना हाच किस्सा सांगते. मुलं हसतात आणि मला फार बरं वाटतं.

तुम्ही तर आता नाही, हे पत्र कुठे पाठवणार? म्हणून एक सांगूनच टाकते. तुम्ही खाली वॉर्डनला माझी खोली विचारत होतात, तो आवाज मी ओळखला होता. राग तिथेच गेला. दारात दाखवला तो नुसता रुसवा होता, अक्का, तुम्ही आणखी थोडी समजूत काढावी म्हणून.