बायनाबाईची संमती

राजुरा,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

पूज्य भन्ते विनयपाल यांना उपासक रामाजीचा त्रिवार वंदामि, आणि घरच्या सगळ्यांचा सप्रेम जयभीम.

आपण चीवर घेतलं त्या दिवसापासून बापानंही आपल्याला अहो-जाहो करायचं असतं. सात वर्षं मी ते मोठ्या हौसेनं करत आलो.

इकडे सर्व ठीक. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. आपली बहीण रोशनी बँकेची परीक्षा बरी गेली म्हणते. या पत्राचा फोटो काढून तीच आपल्याला मोबाईलवर पाठवेल. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, आणि जे कागदावर बिघडलं ते कागदावरच निस्तरलेलं बरं.

थायलंड-कंबोडियाच्या बातम्या रोज बघतो. जुलैत पाच दिवस लढाई झाली, बाहेरच्या देशांनी मध्ये पडून मिटवली, आता पुन्हा पेटली. एकाकडे अमेरिकेची विमानं, दुसऱ्याकडे चीनची शस्त्रं म्हणतात. आपल्याकडे शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून असंच होतं. भांडतात दोन भाऊ, एकाच्या मागं पोलीस पाटील, दुसऱ्याच्या मागं सरपंच, आणि धुरा असतो तिथंच राहतो.

मी मात्र पुरता तोंडघशी पडलो. विहार समितीचा सचिव म्हणून पंधरा वर्षं दर रविवारी विहारात छाती फुगवून सांगत आलो, की बुद्धाला मानणारे देश एकमेकांवर शस्त्र उचलत नाहीत. आज वंदना झाल्यावर, नेहमी माझी थट्टा करणाऱ्या नथ्थूनं सगळ्यांसमोर विचारलं, "सचिव साहेब, आपल्या विहारातली मूर्ती थायलंडातून आली. कंबोडियातबी बुद्धच हाय. मंग हे दोघं लढून काऊन राह्यले?" मी म्हटलं, विषय मोठा आहे, पुढच्या रविवारी बोलू. नथ्थू नेहमीसारखा हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही.

मग मी आपला परवाचा निरोप वाचून दाखवला. थायलंडातल्या आपल्या विहारापासून सरहद्द बारा किलोमीटरवर, गाव रिकामं झालेलं, मोठे भन्ते अंथरुणावरून उठू शकत नाहीत, म्हणून आपण एकटे त्यांच्यापाशी थांबलात. लोकांनी तीनदा 'साधू' म्हणून वाखाणलं. घरी मी नुसतं "बरा आहे" एवढंच सांगितलं होतं. बाकीचं रोशनीनं त्याच दिवशी आईला वाचून दाखवलं.

खाणीत दुपारी ब्लास्टिंगचा भोंगा होतो आणि घर हादरतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तीस वर्षांत आईनं त्यापायी हातातली भाकर कधी थांबवली नाही. आता भोंगा झाला की ती दाराची चौकट धरून उभी राहते. सगळं शांत झालं तरी थोडा वेळ सोडत नाही.

आता मुद्द्याचं लिहितो, आणि तू म्हणून लिहितो. रागावू नकोस.

दीक्षेआधी तिकडच्या विहारानं आई-बाप दोघांचं संमतीपत्र मागितलं होतं. आई काय म्हणते, असं तू मला विचारलंस. खुशीनं हो म्हणते, असं मी सांगितलं. ती म्हणाली होती, "एकच पोरगा हाय माहा. त्याले काऊन देऊ?" पण मला गावातला पहिला भिक्खू माझ्या घरातून हवा होता. 'भन्तेचे वडील' म्हणवून घ्यायचं होतं. तिची सही मी केली. डाव्या हातानं, वाकडीतिकडी, खरी वाटावी म्हणून.

आईला सही येत नाही, ती अंगठा लावते, हे तुलाही माहीत होतं. तू तो कागद पाहिलास आणि घडी करून पिशवीत ठेवलास. त्यावर आपण दोघं कधीच बोललो नाही.

आज दुपारी मी तिला सांगितलं. ती तूर निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मले तवा कोणी इचारलं नाई. आता इचारून राह्यले तं लिवा. मी नाई म्हणतो." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "म्हाताऱ्या भन्तेले टाकून ये, असं नाई म्हणत मी. त्यायलेबी घेऊन निंग म्हणा. खाटेसकट उचल म्हणा. त्यायलेबी माय असनच ना कधी."

दिलेलं दान परत मागू नये, हे मीच लोकांना शिकवतो. पण जे माझ्या एकट्याचं नव्हतं ते मी दिलं, त्याला दान म्हणत नाहीत. चीवर ठेव की सोड, तो तुझा प्रश्न. त्या सरहद्दीवरून तेवढा मागं हो. मला भीती वाटते, अश्वजित. फार वाटते.

पत्र तिला सगळं वाचून दाखवलं. खाली तिचं नाव लिहायला मी पेन टेकवला, तर तिनं माझा हात धरला. "सही कोणीबी करते," म्हणाली, आणि विहार समितीच्या शिक्क्याचं शाईचं पॅड मागितलं.

तुझा बाप,
रामाजी

निशाणी अंगठा,
बायनाबाई, अश्वजितची आई