आपल्या बोटीची मासळी

सरावली, बोईसर
मंगळवार, ५ मे

प्रिय धर्मेशदादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल. आम्हीही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा बरा आहे. वापीलाही इथल्याइतकंच उकडत असेल.

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तू "जेवतोय, नंतर करतो" म्हणतोस, आणि तुझं ते जेवण आठ-आठ दिवस संपत नाही. म्हणून हे कागदावर, आणि तेही सुक्या बोंबलांच्या पार्सलातून. वास येईल, पण वाचल्याशिवाय फेकू नकोस.

इथे नुसती धांदल आहे. शुक्रवारी सकाळी दहाला आपल्या वेबसाइटवर आगोटीचा सेल उघडतोय. पावसाआधी मुंबई-ठाण्याची माणसं चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवतात; ते पंधरा दिवस हुकले की आमचं वर्ष हुकलं. मागच्या मे महिन्यात पहिल्या तासातच साइट आडवी झाली होती. लोक घेणार घेणार म्हणून बसलेले आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. म्हणून यंदा ललितने (साइट बघतो तो, माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतो) मला महिनाभर आधीच कामाला जुंपलं. सगळे फोटो हलके करून घेतले. जवळा संपला की आपोआप 'संपला' दिसेल अशी सोय केली. खोट्या नावांनी चाळीस ऑर्डरी टाकून बघितल्या. एका ऑर्डरीत मी कंटाळून नाव टाकलं 'बांगडाबाई', तर कुरिअरवाल्याने खरंच फोन केला, "बांगडाबाई आहेत का?" ललित अजून मला त्याच नावाने हाक मारतो.

तर हे असं चाललं होतं. आता पुढचं लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले.

ललितने शोधून काढलं की लोक सगळ्यात जास्त वेळ पहिल्या फोटोवर थांबतात. तुला माहीत आहे तो. बाबा आपल्या बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर उभे, बाजूला रंगवलेलं 'वर्षाराणी', आणि खाली मी लिहिलेली ओळ: 'आपल्या बोटीची मासळी'. तो म्हणाला, "मॅडम, इसका व्हिडिओ डालो. अंकल दो लाइन बोलेंगे ना, तो सेल फट जाएगा!" मी बाबांना विचारलं. एका रविवारी म्हणाले, "वारं हाय." पुढच्या रविवारी, "इंजान खोललंय." त्याच्या पुढच्या रविवारी, "दाढी वाढलीय." दादा, आपले बाबा दाढीला कधीपासून लाजायला लागले?

शनिवारी मी कोणाला न सांगता सातपाटीला गेले. दोन वर्षं बाबा बोट तिथे लावतात, मी सरावलीत राहते, रविवारपुरती नवापूरला जाते, बंदरावर कशाला जाईन? म्हटलं, नुसत्या बोटीचा तरी व्हिडिओ काढू. सगळं बंदर पालथं घातलं. शेवटी एका बोटीसमोर थांबले. नवा निळा रंग, नाव 'दर्यादौलत'. आणि त्या निळ्या रंगाखाली, ऊन तिरकं पडलं तेव्हा, माझ्या नावाची अक्षरं फुगलेली दिसली. जाळं शिवत बसलेल्या खलाशाला विचारलं. तो म्हणाला, "ही? ही आमच्या शेटनी दसऱ्याला घेतली. नवापूरचा कोन म्हातारा हाय, त्याची व्हती."

दसऱ्याला! सात महिने! सात महिने दर रविवारी बाबा मला सांगत होते, "परवा पापलेट बरं लागलं," "या खेपेला नुसती मांदेली," आणि मी बावळट तेच साइटवर टाकत होते: आज आपल्या बोटीला हे लागलं, आज आपल्या बोटीला ते लागलं. लोक खाली हात जोडत होते, बाबांना नमस्कार सांगा म्हणून.

घरी येऊन मला वाटलं, याच्यापेक्षा मोठा धक्का काय बसणार!

सोमवारी सेलसाठी खोकी आणायला टेम्पो घेऊन एमआयडीसीत गेले. नेहमीचा खोकीवाला बंद होता, म्हणून एका नव्या कारखान्यात. गेटवर वॉचमन उभा. निळा शर्ट, टोपी, शिट्टी. बाबा.

अरे, बाबा! त्यांच्या शेजारी सुपरवायझर उभा होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाव सांगा तुमचं." तुमचं म्हणाले मला. मी म्हणाले, "वर्षाराणी." त्यांनी लिहिलं. "काम काय?" मी म्हणाले, "खोकी न्यायची आहेत." त्यांनी फाटक उघडलं आणि बाजूला झाले. मी आत गेले, खोकी भरली, बाहेर आले, आणि माझ्या बापाने मला सलाम ठोकला कारण सुपरवायझर बघत होता.

तशीच नवापूरला गेले आणि आईवर ओरडले. आई बोंबील उलटत होती. तिने हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, "मग काय करनार? खलाशी मिलत नाय, पोरगा वापीला गेला, एकटा म्हातारा जाल वढंल का? मासली मी लिलावात घेते, ताजी घेते, सुकवते मीच. तुझ्या गिऱ्हाइकाला वाईट गेलंय का कदी?"

"पण मला का नाही सांगितलं? अख्ख्या गावाला माहीत, मला नाही?"

तर ती काय म्हणाली ऐक. "तुला ठाव असतं तर तू खोटं बोलली असतीस. ठाव नव्हतं म्हनून तू खरं बोलत व्हतीस. आमी तुझं तोंड खोटं पडू दिलं नाय."

एवढं प्रेम आणि एवढा मूर्खपणा एका जागी मी पहिल्यांदा बघितला.

मग तिने पेटीतून विक्रीचा कागद काढून दाखवला. बोट तुझ्या नावावर होती हे मी विसरलेच होते. खाली तुझी सही.

दादा, तू नवापूरला आला होतास. दसऱ्याला. सही करून गेलास. सरावली रस्त्यातच लागतं आणि तू बहिणीकडे पाणी प्यायलासुद्धा थांबला नाहीस. बाबांनी तुला शपथ घातली असेल, मान्य. पण दिवाळीत तू मला फोनवर विचारलंस, "बोट काय म्हणते?" ते का विचारलंस? मी अर्धा तास तुला पापलेटाचं सांगत होते!

गुरुवार, ७ मे

परवा इथेच थांबले, कारण पुढचं माझं स्वतःचं आहे. शनिवारी मला कळलं. रविवारी मी ललितला विचारलं, "बाबांचा जुना व्हिडिओ आहे फोनमध्ये, तोच टाकला तर?" हो, मी. सगळं कळल्यावर. बुधवारपर्यंत तो फोटो आणि ती ओळ तशीच ठेवली. आईने माझं तोंड सांभाळलं आणि मी चार दिवसांत ते स्वतः खोटं पाडलं. तुझ्यावर ओरडायचा मला किती हक्क उरलाय कोण जाणे, तरी ओरडणार आहे.

आज सकाळी नवी ओळ लिहिली: 'बोट आता आमची नाही. मासळी बंदरावर लिलावात घेतो, नवापूरला माझी आई हंसाबाई सुकवतात.' ललितने डोक्याला हात लावला. "सेल के एक दिन पहले कौन करता है ऐसा?" मी म्हटलं, आम्ही करतो. पण बाबांना न विचारता ती टाकायची नव्हती. त्यांचं जे काही उरलंय, ते म्हणजे लोकांच्या मनातली ती बोटच. म्हणून परत त्या गेटवर गेले.

सुपरवायझर होताच. बाबांनी माझ्या फोनवरची ओळ बोट फिरवत दोनदा वाचली. मला वाटलं रागावतील, नाहीतर रडतील. ते सुपरवायझरकडे वळले आणि म्हणाले, "साब, ये मेरी लडकी है. इसका बडा दुकान है, कंप्युटर पे." मग मला म्हणाले, "बोटीचा फोटू काढ तिथून. दुसऱ्याची हाय ती. माझा लाव."

"असा? युनिफॉर्मात?"

"मंग काय, उघडा? हीच नोकरी हाय माझी."

टोपी सरळ केली आणि गेटपुढे उभे राहिले. पहिल्या चार फोटोंत माझंच बोट आलं, पाचवा नीट निघाला.

दादा, साइट उद्या दहाला उघडेल. पहिल्याच पानावर बाबा आहेत. बोट सोडून तू का गेलास ते मी तिथे लिहिलेलं नाही, ते तू त्यांना येऊन सांग. आधी त्यांच्याकडे नीट बघ आणि मगच मला फोन कर.

जिच्या दारावरून तू न थांबता गेलास ती तुझी बहीण,
वर्षाराणी