शेजारच्या खोलीतली बॅटरी

३ जुलै
मेल्विनची व्हॉइस नोट आली, बऱ्याच दिवसांनी. फिलोने, त्याच्या आईने, तीनदा ऐकली. मी किती वेळा, ते लिहीत नाही. जेवण बरं, झोप बरी, वादळ चालू, ड्रिल झालं. इथल्या, बहारीनच्या विमानतळावरची फायर क्रूची नोकरी सोडून दक्षिण ध्रुवाकडच्या त्या संशोधन स्टेशनवर फायरमन म्हणून गेला, तेव्हापासून पोराचं बोलणं रिपोर्टसारखं झालंय. आता तिकडे दिवसाही रात्र. विमान थेट ऑक्टोबर संपताना. तोवर कोणी येत नाही, कोणी जात नाही.

नोटच्या मागे एक आवाज होता. टिक्. थोडं बोलणं. पुन्हा टिक्.

स्मोक डिटेक्टर. बॅटरी संपत आली की असा ओरडतो. जन्म गेला आग विझवायच्या सामानाच्या धंद्यात, ओळखणार नाही? फिलोला म्हटलं, "बघ तुझा लाडका. फायरमनच्याच खोलीत बॅटरी संपलीय." खूप हसलो.

७ जुलै
मुहर्रकला वर्कशॉपवर दिवसभर. एका हॉटेलचे आग विझवायचे सिलिंडर आलेत भरायला. बिजू, माझा केरळी टेक्निशियन, म्हणतो, "साब, लीक नहीं है." कानाला लावला. केसाएवढी शीळ व्हॉल्व्हपाशी. बिजू म्हणाला, "साब का कान कस्टमवाले ले जाएंगे."
शेडखालचा पत्रासुद्धा भाजतो सध्या. मेल्विन म्हणतो तिकडे उघडा हात लोखंडाला लागला की कातडी चिकटून राहते. बापलेकाचा धंदा एक, नियमही एकच निघाला: लोखंडाला उघडा हात नाही.

१२ जुलै
पुन्हा नोट. मागे टिक्. लिहून पाठवलं, बॅटरी बदल रे बाबा. उत्तर: "विल डू."

१९ जुलै
आजच्या नोटमध्येही आहे.
फेब्रुवारीत गेला तेव्हा फोनवर किती उत्साह. पप्पा, इथे पाणी होजमध्येच गोठतं. पप्पा, हवा इतकी कोरडी की लाकूड कागदासारखं पेटेल. बिल्डिंग गेली तर जायचं कुठे? म्हणून रोज सगळे कॉरिडॉर चालायचे, वास घ्यायचा, कान द्यायचा. हेच काम. आग लागेपर्यंत आगीचं काम.
आणि तोच पोरगा आठवड्यामागून आठवडे टिक् ऐकत बसलाय. खोलीत पॅनेलला जोडलेला दुसरा डिटेक्टर असतो, त्यामुळे आगीची काळजी नाही. काळजी ती नाहीच.

२५ जुलै, शुक्रवार
चर्चमधली मिस्सा आटोपून नईम भागात हनीफभाईकडे. पंपाच्या पार्टचं दुकान. रत्नागिरीचा माणूस. मी सिलिंडर खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवायचो तेव्हापासूनची दोस्ती. नोट ऐकवली.
"मेल्या, पोरगा तोंडाने काय बोलतो ते ऐक. मागचं काय ऐकतोस?"
"तोंडाचं तो बनवून बोलतो, भाई."
त्याने बिनदुधाची सुलेमानी ओतली. दोघांनी प्यायली. मग म्हणाला, "माझा मोठा दुबईला होता ना, फोन केला की मागे टीव्ही. सकाळी केला तरी टीव्ही. मी म्हटलं, मजा आहे बेट्याची. नोकरी गेली होती. वर्षाने कळलं मला."
दुकानात गिऱ्हाईक आलं. निघालो.

३० जुलै
जेवताना टिक्. आमच्याच घरात, बुसैतीनला. फिलोला ऐकू आला नाही. स्टूल घेतलं, हॉलच्या आणि किचनच्या डिटेक्टरची बॅटरी बदलली. दोन्ही चांगल्या होत्या.
"भूत लागलंय तुला," फिलो म्हणाली.
वर्कशॉपवर पुन्हा. बिजूकडे बघितलं. "कुछ नहीं साब." एसी बंद करायला लावला. घामाघूम होऊन दोघे कान लावून उभे. कुछ नहीं.

४ ऑगस्ट
आज फोन लागला, नोट नाही, खरा फोन. सरळ विचारलं तर हा 'फाइन' म्हणणार. म्हणून युक्ती केली. म्हटलं, "अरे, घरातला डिटेक्टर ओरडतोय. बॅटरी नवी घातली तरी थांबत नाही. काय करू?"
मागे टिक्.
"पप्पा, यू नेव्हर आस्क मी थिंग्ज यू नो."
मग बोलला. "इट्स नॉट माय रूम. इट्स टॉम्स."
टॉम म्हणजे त्यांचा कुक. शेजारची खोली. आम्हाला ठाऊक आहे तो.
"मग टॉमला सांग की."
"ही डाइड, पप्पा. इन मे."

हार्ट. तिकडे फायरमन हाच अँब्युलन्सवाला. हाक आली, हा पोचला, छाती दाबत राहिला. डॉक्टरने हात धरून थांबवेपर्यंत. "आय कॅन स्टिल फील द रिब्ज," म्हणाला. टॉम आता पेटीत, हीटिंग नसलेल्या स्टोअरमध्ये, विमानाची वाट बघत. खोली बंद. विमान येईपर्यंत सामानाला हात लावायचा नाही, वरून ऑर्डर.
विचारलं, चावी कोणाकडे?
"फायरमनकडे सगळ्या चाव्या असतात, पप्पा."
हे मराठीत बोलला. कितीतरी दिवसांनी मराठीत बोलला.

५ ऑगस्ट
फिलोला अर्धं सांगितलं. उरलेलं तिने माझ्या तोंडावरून वाचलं. म्हणाली, "मला मेपासून वाटत होतं. घरी काय केलंय जेवायला, हे विचारायचंच बंद केलंन त्याने."
तिने बाटली मसाला पाठवला होता त्याच्याबरोबर, स्वतः कुटून आणलेला. टॉम सगळ्यात घालायचा, अंड्यातसुद्धा. एप्रिलमध्ये त्याने तिला नोट पाठवली होती. मी विसरलो होतो, ती नाही. फोन काढला, लावली: "मिसेस फिलो, युअर मसाला इज अ फायर हॅझर्ड!" मागे मेल्विन खदखदा हसतोय. भांडी वाजताहेत.
टिक् नाही त्यात. मी शोधलाच.
मोठा, भरदार आवाज. फोनमध्ये अजून जेवायला वाढतोय.

१५ ऑगस्ट
मरियेचा सण. फिलोने टॉमच्या नावाने मिस्सा दिली. आडनाव? नाही ठाऊक. कॅथलिक होता का? ते पण नाही. फादर म्हणाले, चालेल. माईकवर "टॉम" म्हटलं आणि पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली, कोण हा नवा.
मेल्विनला कळवलं. फक्त हृदयाचं चित्र आलं.

२ सप्टेंबर
तिकडे दुपारी क्षितिजावर तांबडी रेघ दिसायला लागलीय म्हणे. फोटो धाडला. फोन झाला. आज मी बाप झालो. म्हटलं, हुकूम आहे माझा. स्टूल घे, खोली उघड, बॅटरी बदल, बाहेर ये. सामानाला नको हात लावू.
"आय नो हाऊ टु चेंज अ बॅटरी, पप्पा."
"मग?"
"भिंत पातळ आहे," म्हणाला. "फर्स्ट आय हेटेड इट. नाऊ आय वेट फॉर इट."
मी हमूर मासा महागला म्हणून सांगितलं.

२० सप्टेंबर
नोट. टिक् नाही. हेडफोन लावून ऐकली, नाहीच. फिलो खूश. "बदललीन वाटतं, देवाची कृपा."
मी विचारलं. उत्तर: "नो. इट जस्ट स्टॉप्ड."
संपली बॅटरी. होणारच होतं, मला तारीख सोडून सगळं ठाऊक होतं. पण पोराचा आवाज कसा झालाय! रिपोर्टसुद्धा नीट देत नाही. वाक्य अर्धं सोडतो आणि थांबतो, पलीकडून काहीतरी येईल म्हणून. मीही इकडे थांबतो.

२८ सप्टेंबर
कंपनी विचारतेय, अजून एक हिवाळा कोण राहणार. पैसे वाढवून. विमान उतरेल तेव्हा उत्तर द्यायचं: परत जाणारे चढतील, राहणारे राहतील.
"तू काय म्हणालास?"
"थिंकिंग."
"कशाचा विचार?"
"टॉम जाईल त्या प्लेनने. मीही गेलो तर त्या बाजूला कोणीच नाही."
फिलोला हे सांगितलेलं नाही. जेवली नाही तरी ती. हिचे कान माझ्यापेक्षा तिखट.

५ ऑक्टोबर
हनीफभाई म्हणाला, रागाव त्याच्यावर. म्हटलं, रागावून सिलिंडरसुद्धा उघडत नाही, भाई. "मग रड." तेही जमेना. दोघे दुकानाबाहेर खुर्च्या टाकून बसलो. हवा जरा निवलीय.

११ ऑक्टोबर
दुपारी टिक्. मी काही बोललो नाही, म्हटलं आपलंच डोकं. पण फिलो हातातलं कालथं धरून उभी राहिली.
"ऐकलंस?"
देवा. तिनेपण.
दोघे शोधत गेलो. मेल्विनच्या खोलीत. तो गेल्यापासून बंद, आत बॅगा आणि इस्त्रीचं टेबल. छतावर डिटेक्टर, जाण्याआधी त्यानेच बसवलेला. अख्ख्या मुहर्रकचे डिटेक्टर तपासणारा मी. जुलैत हॉल केला, किचन केलं. हे दार उघडलंच नव्हतं.
"काढ रे ते," फिलो म्हणाली.
बॅटरी आणली. स्टुलावर चढलो. हात वर नेला.
टिक्.
उतरलो. "राहू दे," म्हटलं.
ती बॅगा उचलून बाहेर ठेवायला लागली. दार उघडंच ठेवलंन.

२९ ऑक्टोबर
विमान निघालंय, तिकडच्या किनाऱ्यापर्यंत आलंय. पुढे हवा बघून.
मेल्विनच्या पलंगावर बसून नोट पाठवली. ये, राहू नको, असलं काही नाही. बिजूच्या मुलीचं बारसं, हनीफभाईचा गुडघा, आईने केलेली सुरमईची आमटी. चांगली लांब. मधे मधे थांबलो, मुद्दाम.

३० ऑक्टोबर
सकाळी उत्तर.
"पप्पा, व्हॉट्स दॅट साउंड?"
आणि लगेच दुसरं: "इज दॅट माय रूम?"
लिहिलं, हो. बॅटरी टेबलावर ठेवलीय. मी बदलणार नाही, खोली तुझी आहे.
पुढे काही नाही.

३१ ऑक्टोबर
हवा साफ. आज उतरणार म्हणे. पेटी चढवायला हाच असेल, त्याच्याशिवाय कोण. नंतर स्वतः चढतो की खाली उभा राहतो, ते इथून कसं कळणार.
फोन टेबलावर, बॅटरीशेजारी.
फिलोने त्याच्या पलंगावर धुतलेली चादर घातलीय. उशीला खोळ घालत होती. वर टिक् झालं की हात थांबतो तिचा. दार वाजल्यासारखी मान वर करते, मग पुन्हा खोळ.